काळ्यावर पिवळं

रंगाच्या दुकानातल्या वहिनीने त्या आठवड्यात कॉम्प्युटरचं रूप तिसऱ्यांदा पालटलं, तेव्हा तिचा दीर काउंटरपाशी थबकला. पडदा काळाकुट्ट, त्यावर लिंबासारखी पिवळी अक्षरं. त्याने थोडा वेळ मान खाली घालून पाहिलं आणि आवाज बारीक करून विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. अपडेट आलंय."

"कंपनीकडून?"

"नाही, माझ्या माहेरून."

दुकानाचा मालक दीर होता, पण अपडेट म्हटलं की तो पावसापाण्याचं बोलणं चालल्यासारखी मान हलवायचा. येतं, जातं, आपल्या हातात काय आहे? तो डब्यांच्या थप्प्यांकडे निघून गेला आणि वहिनीचा जीव भांड्यात पडला. तिथे तो फार वेळ टिकला नाही, कारण पिवळी अक्षरंही आता कडेने विरघळायला लागली होती आणि ही थीम लावून अजून दोन दिवसही झाले नव्हते.

तिला सगळेच वहिनी म्हणत. दीर म्हणे ते ठीक. पण चहावाला म्हणे, रंगारी म्हणत, तिच्या वडिलांच्या वयाचे सुतार म्हणत. एकदा गर्दीच्या वेळी खुद्द नवराच "वहिनी, पांढऱ्याचे दोन डबे" असं ओरडून गेला होता आणि तिनेही काही न बोलता दोन डबे पुढे सरकवले होते.

दुकानात तिचं काम एकच: शेड. गिऱ्हाइकाने रंग सांगायचा, तिने तो कॉम्प्युटरवर काढायचा, यंत्राने थेंब मोजून डब्यात सोडायचे. त्यासाठी तिला एक चाकांची खुर्ची होती. चार चाकांपैकी एक निखळलेलं, त्यामुळे ती सतत डावीकडे कललेली असे. पण त्या खुर्चीची एक खासियत होती. तिच्यावर बसलेल्या बाईला कोणी "जरा उठ गं" म्हणत नसे. घरी वहिनी दिवसातून इतक्या वेळा उठायची की बसणं म्हणजे दोन उठण्यांमधली फट, अशी तिची समजूत झाली होती. दुकानात मात्र गिऱ्हाईक तिच्यापाशी येई, रंगारी येई, दीरसुद्धा यायचा. ती बसलेली असे.

आणि तिचे डोळे दगा देतायत हे दिराला कळलं असतं, तर ती खुर्ची जावेकडे गेली असती.

जाऊ म्हणजे दिराची बायको. लग्नाआधी घरं सजवण्याचा कसलासा कोर्स करून आलेली. वहिनी मनातल्या मनात तिला कोर्सवाली म्हणे. दुकानात आली तेव्हा पहिल्याच दिवशी "ताई, ही भिंत श्वास घेत नाहीये" असं म्हणाली होती. वहिनीने तिला लगेच मागच्या गोडाऊनमध्ये धाडलं होतं. तिथे डब्यांची झाकणं ठोकायची, डबा हलवायच्या यंत्रात घालायचा आणि वहिनीच्या नवऱ्याच्या टेम्पोत चढवायला द्यायचा. तिथल्या भिंती काय वाटेल ते घेवोत.

तर, डोळे. काही महिन्यांपासून कॉम्प्युटर चालू केला की पांढरा पडदा तोंडावर पिठाची मूठ मारल्यासारखा अंगावर यायचा. अक्षरं त्या पिठात पळत सुटायची. वहिनीने आधी पडदा पुसला, मग चष्मा पुसला, मग पडदा बदलायला लावला. एके दिवशी आवाज कमी करायचं बटण शोधताना ती सेटिंगच्या भलत्याच कोपऱ्यात शिरली आणि तिथे हाय कॉन्ट्रास्ट नावाच्या चार थीम ओळीने बसलेल्या दिसल्या. तिने पहिलीवर टिचकी मारली. पडदा काळा झाला. पिठाचा कण राहिला नाही. अक्षरं जागच्या जागी उभी राहिली, बाई आल्यावर वर्ग उभा राहावा तशी. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिने रंगाच्या वासावर ढकललं.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. थीम लावली की दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी अक्षरांच्या कडांना केस फुटत. मग काळ्यावर हिरवं. मग काळ्यावर पांढरं. मग तिला कळलं की या थीम आपल्या आपण बनवताही येतात: अक्षरांचा रंग वेगळा, बटणाचा वेगळा, निवडलेल्या ओळीचा वेगळा. झालं! गिऱ्हाईक दारात चप्पल काढेपर्यंत ती बटणांना जांभळं करून पाही, नको वाटून पुन्हा पिवळ्यावर येई, अक्षरं एक बोट वाढवी, अर्धं बोट कमी करी. माउसचा बाण तर तिने इतका मोठा आणि असा भडक गुलाबी केला की एकदा एका रंगाऱ्याने तो पडद्यावर बाहेरून चिकटलाय असं समजून नखाने खरवडून पाहिला.

"हे पण अपडेट?" नवऱ्याने विचारलं.

"हो."

"बाण फार जेवलेला दिसतो," एवढंच म्हणून तो डबे उचलायला गेला.

एकच अडचण होती. हाय कॉन्ट्रास्टला फक्त अक्षरांची काळजी. अक्षरांमागे कुठला रंग भरलाय याच्याशी तिला कर्तव्य नसतं. ती सरळ तो पुसून काळं फासते. आणि शेडचा प्रोग्राम म्हणजे दुसरं काय होतं? रंग भरलेले चौकोन आणि प्रत्येकात एक नाव. थीम लावल्याबरोबर ते सगळेच्या सगळे चौकोन काळे झाले. वहिनीसमोरचंच चित्र गिऱ्हाइकाच्या बाजूला टांगलेल्या मोठ्या पडद्यावरही दिसायचं. म्हणजे शहरात रंग घ्यायला आलेला माणूस दुकानात शिरल्यावर त्याला आधी दिसायची ती काळ्या चौकोनांची भिंत आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत: अबोल साय. निवृत्त हत्ती. उशिरा आलेला पाहुणा. माफीचा गुलाबी.

पहिल्या दिवशी एक नवं जोडपं आलं. मुलीने पडद्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं.

"रंग कुठे आहेत?"

वहिनीच्या तोंडातून निघालं ते असं: "रंग डोळ्यांनी निवडला की वर्षभरात कंटाळा येतो. नावाने निवडा."

"पण दिसणार कसा?"

"लग्न ठरवताना काय काय दिसलं होतं?"

मुलगा हसला. मुलगी हसली नाही, पण वाचायला लागली. अर्ध्या तासाने दोघं निवृत्त हत्तीवरून कडाकडा भांडत होती आणि शेवटी बैठकीच्या खोलीसाठी उशिरा आलेला पाहुणा घेऊन गेली. पाहुणा म्हणजे करडा होता. पुढच्या आठवड्यात त्यांनी मैत्रीण पाठवली. मैत्रिणीने सासू आणली. सासूने माफीचा गुलाबी वाचून "हा माझ्या खोलीला नको, हिच्या खोलीला लावा," असं सुनेकडे बोट करून सांगितलं. दुकानात गर्दी व्हायला लागली.

आता दीर पेटला. "वहिनी, हे अपडेट काढायचं नाही हं! कंपनीचा फोन आला तरी नाही." त्याने बाहेर लावायला पाटीसुद्धा सांगून टाकली: इथे रंग नावाने मिळतील. पाटीवाल्याने काळ्यावर पिवळं करू का म्हणून विचारलं, तेव्हा दिराला वाटलं ही आपलीच कल्पना.

कोणालाही आनंद व्हावा. वहिनीला झोप येईना. लपवायला म्हणून ओढलेला पडदा लोक तिकीट काढून बघायला यावेत, तसं झालं होतं. ती खुर्चीत बसल्या बसल्या चुळबुळत राही, खुर्ची डावीकडे कलंडे, ती उजवीकडे सावरे आणि हात आपोआप सेटिंगकडे जाई. अक्षरं आता एवढी मोठी झाली होती की "उशिरा आलेला पाहुणा" दोन ओळींत मोडून बसायचा.

नावाने रंग घेणारे एक झाले. दुसरे येत ते नमुना घेऊन. भिंतीचा टवका, दाराची ढलपी, जुन्या कपाटाची फळी. "अगदी असाच द्या." याला यंत्राचा उपयोग नव्हता. त्या दुकानात हे काम बोटाने होई. अंदाजाने रंग घोटायचा, त्यात बोट बुडवून नमुन्यावरच एक टिकली लावायची, केस वाळवायच्या ड्रायरने ती सुकवायची, मग दारात उजेडात जाऊन बघायचं. टिकली वेगळी दिसली तर रंग चुकला. आत यायचं, थेंब वाढवायचा, पुन्हा टिकली. टिकली दिसेनाशी झाली की जमला. पूर्वी वहिनीला एकेका टवक्याला अर्धा दिवस लागायचा. रंगारी बाहेर बसून पेंगायचे.

अलीकडे मात्र तिचा हात बसला होता. पहिल्याच बोटात टिकली गायब! पांढऱ्यावर, फिकट निळ्यावर, पिवळटावर, कशावरही. लावली, सुकवली, दारात नेली, गेली. रंगारी थक्क होत. "वहिनींच्या बोटात जादू आहे," म्हणत. दिवसेंदिवस दृष्टी जात होती आणि दिवसेंदिवस टिकल्या लवकर जात होत्या. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायची बुद्धी तिला झाली नाही. कौतुक चालू असताना कोणाला होते?

मग एका सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. महिन्याभरापूर्वी त्यांनी दवाखान्याच्या भिंतीचा टवका देऊन पांढरा रंग जुळवून नेला होता. छताजवळ ओल आली होती तेवढीच जागा रंगवायची होती. त्या भांडायच्या आवेशात नव्हत्या, जरा गोंधळलेल्या होत्या.

"वहिनी, छतावर ढग आलाय."

"ओल असेल."

"ओल नाही, ढग. तुमच्या रंगाचा. पेशंट खुर्चीत आडवा झाला की तोंड उघडून त्याच्याकडे बघत बसतो. तसं कामाला बरं पडतं. पण काल एकजण म्हणाला, त्यात त्याला त्याची आजी दिसली. रडायला लागला. मी दात कसा काढू?"

"असं होणारच नाही," वहिनी म्हणाली. "टिकली गेली होती. मी स्वतः बघितलं."

"मग हे बघा." डॉक्टरीणबाईंनी फोन पुढे केला.

वहिनीने फोन डोळ्यांशी धरला, लांब धरला, तिरका धरला. पांढरं छत. सलग, स्वच्छ, पांढरं. "कुठे काय आहे?"

डॉक्टरीणबाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "अहो, हा काय!"

बाईंची नजर वहिनीला आवडली नाही. "फोटो इकडे पाठवा," ती फणकाऱ्याने म्हणाली, "मोठ्या पडद्यावर बघू." फोटो आला. मोठ्या पडद्यावरही छत पांढरंच होतं. पण आता तिची बोटं थांबेनात. गेले कित्येक आठवडे जे करत होती तेच तिने फोटोला करायला घेतलं. रंग उलटे करायचा फिल्टर लावला. छत काळं झालं. कॉन्ट्रास्टची पट्टी सरकवली. थोडी. आणखी थोडी. मग टोकाला.

काळ्या छताच्या मधोमध एक भलामोठा ढग उगवला. त्याला कान होते. कोणाची तरी आजी असावी, एवढा तो ठसठशीत होता.

वहिनी बघत राहिली. म्हणजे तिची टिकली जात नव्हती. ती तिला दिसत नव्हती.

तिने दुसरं काही सुचेना म्हणून दुकानाच्या फोल्डरमधला दर्शनी भिंतीचा फोटो उघडला. मागच्याच महिन्यात खिळ्यांची भोकं बुजवून तिनेच जुळवलेला रंग. पट्टी टोकाला नेली. भिंतीवर ठिपक्याठिपक्यांचा जिराफ उभा राहिला.

"आलेच मी," एवढं बोलून ती उठली. गिऱ्हाईक समोर असताना त्या खुर्चीवरून ती आजवर उठली नव्हती.

गोडाऊनमध्ये जाऊ एका डब्याचं झाकण उघडून बसली होती. ठोकत नव्हती, उघडत होती. शेजारी फळीचा नमुना, त्यावर वहिनीच्या बोटाची टिकली, आणि तिच्याखाली जावेच्या बोटाच्या आणखी चार. हातात निळ्याची छोटी बाटली.



"हे काय चाललंय?"

"झाकण सैल होतं, ताई."

"बाटली कशाला लागते झाकणाला?"

जावेने बाटली खाली ठेवली. "जरा पिवळा वाटत होता."

"आणि बाकीचे?"

"बाकीचेही जरासे..."

"कधीपासून?"

"दिवाळं निघायची वेळ आली होती तेव्हापासून," जाऊ म्हणाली, आणि जीभ चावली. "म्हणजे, चार-एक महिने असतील."

"डॉक्टरीणबाईंचा डबा का सोडलास मग?"

"तेव्हा मी माहेरी होते. दुकानाच्या भिंतीचा पण तेव्हाच गेला."

वहिनीला संतापावं की बसावं ते कळेना. बसायला रिकामा डबा होता, त्यावर ती बसली आणि बसल्या बसल्या संतापली. "तोंड शिवलं होतं तुझं? सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं होतं ना! 'ताई, जरा उजेडात बघा' एवढंच म्हणाले होते. तुम्ही आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीत. म्हटलं, त्यापेक्षा डबा दुरुस्त करणं सोपं आहे."

"खुर्ची हवी होती ना तुला?"

"मला?" जाऊ खरोखर दचकली. "ताई, त्या खुर्चीवर बसलं की सकाळपासून माणसं बोलत असतात. इथे कोणी येत नाही. हे यंत्र हलतं तेवढंच. तुम्ही मला इथे पाठवलंत तेव्हा वाटलं, या घरात एक तरी माणूस मला ओळखतं."

वहिनीने नमुन्याची फळी उचलून नाकाशी धरली. पाच टिकल्या असायला हव्या होत्या. तिला नुसती फळी दिसत होती.

"शेवटची कुठली?" तिने विचारलं.

जावेने तिचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं.

दोघी बाहेर आल्या तेव्हा दीर डॉक्टरीणबाईंना ढगाबद्दल समजावत होता. नवरा टेम्पोची किल्ली फिरवत दारात उभा होता. वहिनी खुर्चीपाशी गेली, पण बसली नाही.

"भाऊजी, मला दिसत नाही."

"अपडेट बदला," दीर म्हणाला.

"थीम संपल्या."

"म्हणजे अपडेट..."

"अपडेट नव्हतंच. माझे डोळे गेलेत म्हणून मी काळं करून ठेवलं होतं. पाटी करायला टाकलीत ती माझ्या डोळ्यांची आहे."

काळ्या पडद्यावर जिराफ अजून ऐटीत उभा होता. डॉक्टरीणबाई पुढे झाल्या, पर्समधून छोटा टॉर्च काढला आणि वहिनीची हनुवटी वर केली. सवयीने म्हणाल्या, "आ करा." मग म्हणाल्या, "नको, नको, मिटा. वर बघा." बराच वेळ पाहून त्यांनी टॉर्च बंद केला. "मोतीबिंदू दिसतोय मला. दोन्हीकडे. पण मी दातांची, माझं खरं मानू नका. डोळ्यांचे डॉक्टर आमच्या इमारतीत आहेत, त्यांना फोन लावते. निघेल हो तो."

"निघेल ना?" वहिनीने विचारलं.

"दातापेक्षा सोपा."

दीर अजून खुर्चीकडे बघत होता. वहिनीने ते पाहिलं. म्हणजे अंदाजाने पाहिलं. त्याचा चेहरा म्हणजे एक फिकट डाग होता आणि डाग खुर्चीच्या दिशेला वळलेला होता.

"मग या खुर्चीचं..." तो म्हणाला, घसा साफ केला, पुन्हा म्हणाला, "तुम्ही बऱ्या होईपर्यंत इथे कोणीतरी बसायला हवं. मी बसतो."

"नको!" वहिनी आणि जाऊ एकदम ओरडल्या. दारातून नवराही ओरडला. डॉक्टरीणबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण त्यांनीही मान हलवली.

"का? मालक आहे मी!"

"तुम्ही लाल आणि नारिंगी एकच समजता," जाऊ म्हणाली. "आपल्या लग्नातला शालू अजून तुम्ही भगवा म्हणता."

"मग बसणार कोण?"

"ताईच बसतील," जाऊ म्हणाली. "डॉक्टर म्हणतील तोवर. बघायचं तेवढं मी बघेन. पण मी उभी राहून बघेन, आणि गिऱ्हाइकांशी बोलणार नाही."

दिराने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने किल्ली खिशात टाकली. "गुरुवारी नेतो हिला," तो म्हणाला. "सकाळच्या फेऱ्या बंद. मला आधी कळायला हवं होतं, बाण एवढा जेवला तेव्हाच." मग त्याला वाटलं आपण फार बोललो, म्हणून तो विनाकारण एक डबा उचलून बाहेर गेला.

"आणि माझं छत?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी रुमालात गुंडाळून नवा टवका आणला होता. वहिनी कललेल्या खुर्चीत बसली. पांढरा घोटला, काळा नखभर, पिवळ्याकडे हात गेला तो मागे घेतला. बोट बुडवलं, टवक्यावर टेकवलं, ड्रायर फिरवला. जाऊ टवका घेऊन दारात गेली. वहिनीला बसवेना, तीही मागोमाग गेली आणि तिच्या खांद्यावरून, काही दिसत नसताना, वाकून बघायला लागली.

"गेली?"

"नाही."

पुन्हा आत. निळ्याचा थेंब. बोट, ड्रायर, दार.

"आता गेली?"

"नाही, ताई."

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात फोन करून पहिल्या पेशंटला थांबायला सांगितलं. दीर स्टुलावर बसला. वहिनीने दोन थेंब टाकले, एक जास्त झाला म्हणून पांढरा वाढवला, पांढरा वाढला म्हणून पुन्हा काळा. बोटावर रंगाचे थर चढून ते दुप्पट जाड झालं होतं. किती वेळा ती दारात गेली आणि आली हे मोजायला कोणी रिकामं नव्हतं.

"आता?"

"नाही."

"अगं, तू नीट बघतेयस ना?"

"ताई."

"बरं, बरं," वहिनी म्हणाली, फडक्याला बोट पुसलं आणि पुन्हा डब्यात बुडवलं.